थोरल्या दिरांचं घर

सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. लेकीच्या सासरीही तेच नाव पोचलं होतं. उभा जन्म बांधकामात गेला, तोही समुद्रापासून लांबच्या कोरड्या शहरात. लेक दातांची डॉक्टर झाली आणि किनाऱ्यावरच्या घरात सून म्हणून आली. तिला दवाखान्यासाठी मागच्या अंगणात खोली बांधून द्यायचीच, असं मिस्तरींच्या मनाने घेतलं. लेकीकडे मुक्कामाला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाया खणायला घेतला.

"बाबा, परवानगी?"

"अगं, कडेने जागा सोडली की झालं. कागद येतो मागाहून. आमच्याकडे असंच चालतं."

खड्डा गुडघाभर झाला आणि नगरपालिकेच्या इंजिनियर बाई दारात उभ्या राहिल्या. काम बंद. मिस्तरी तणतणत त्यांच्यामागोमाग कचेरीत गेले. बाईंनी नकाशा पसरला. भरतीचं पाणी चढतं तिथपासून आत एक पट्टा रंगवला होता आणि लेकीचं घर अख्खं त्या रंगात होतं.

"जुनं घर आहे म्हणून राहू दिलंय. दुरुस्ती खुशाल करा. वाढवायला मात्र वीतभरही मिळणार नाही."

"आणि समोरचं तीन मजली लॉज? ते काय तुमच्या मावशीचं?"

बाई हसल्या. "ते रस्त्याच्या पलीकडे, जमिनीच्या अंगाला आहे. तिथे चालतं."

"म्हणजे समुद्र रस्ता बघून थांबणार?"

"नाही थांबणार. पण काका, रेघ कुठेतरी मारावी लागतेच. तुमच्याकडे शेजाऱ्याची भिंत बघून नकाशा पास करतात. इथला शेजारी जागचा हलतो."

मिस्तरी धुसफुसतच परतले. विहीणबाई ओसरीवर धान्य निवडत होत्या.

"एवढ्याशा खोलीने काय आभाळ कोसळणार होतं, सांगा बरं!"

"मागे आमच्या थोरल्या दिरांचं घर होतं," विहीणबाई सूप खाली ठेवत म्हणाल्या. "चांगलं दगडी. आम्ही जावा तिथे ओट्यावर बसायचो."

"कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं. तिथे दोन होड्या पाण्यावर डुलत होत्या.

 मिस्तरी मागच्या अंगणात गेले. खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलं होतं. बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं आणि थुंकले. खारट. आयुष्यभर पाया खणला, पण खालची जमीन राहील की जाईल, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. राग गेला नव्हता, पण काढायचा कुणावर ते कळेना. त्यांनी फावडं घेतलं आणि खड्डा बुजवला.

संध्याकाळी लेक जवळ येऊन बसली. "लॉजच्या खाली एक गाळा मिळतोय, बाबा. मी आधीच बघून ठेवला होता. तुमचा उत्साह बघून बोलवेना."

मिस्तरींना लागलं. पण दुसऱ्या दिवशी गाळ्यातली नळजोडणी त्यांनीच केली, प्लंबरला हातही लावू दिला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ते विहीणबाईंना म्हणाले, "सगळेच आमच्याकडे या. तिथे हवे तेवढे मजले चढवता येतात."

"मुलं येतील हो कधीतरी," त्या म्हणाल्या. "माझं काय, मला सकाळी उठून पाणी कुठवर आलं ते बघायची सवय आहे."

 मिस्तरी उठले, घराला फेरी मारून आले. समुद्राकडच्या जोत्याला भेगा गेल्या होत्या. त्यांनी जाणं आठवडाभर लांबवलं आणि जावयाला सिमेंट आणायला पिटाळलं.