चालू सेटमधली स्प्रिंग

जुन्या व्हिडिओ गेममधल्या, सेल धरणाऱ्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यांवर पांढरं, फुललेलं काहीतरी साचलं होतं. जिथे ती पत्र्याला टेकत होती तिथे त्याचा रंग मोरपिशी झाला होता. रसिकाने भिंगाचा दिवा जवळ ओढला. पांढरं होतं ते सेलमधून पाझरलेलं. मोरपिशी होतं ते तांब्याचं; म्हणजे पत्र्यावरचा चकचकीत मुलामा कधीच गेला होता आणि खालचं पितळ गंजायला सुरुवात झाली होती. या दोन्हींवर आणखी एक थर होता, मळकट, पिठासारखा. त्याची तिला ओळख पटेना. तिने तो टाचणीने खरवडून बोटावर घेतला.

"दादा, याला काय फासलंयस?"

भूपेश तिच्या पलंगावर दोन उशांना टेकून बसला होता. डावी बाही त्याने कोपरापर्यंत दुमडली होती. डायलिसिससाठी जोडलेली शीर तिथे दोरासारखी वर आली होती.

"खायचा सोडा. पेस्ट करून लावला. आमच्या बिल्डिंगचा इन्व्हर्टरवाला बोलला, साब, सोडा लगाओ, सब साफ हो जायेगा."

"इन्व्हर्टरच्या बॅटरीत ॲसिड असतं. हे अल्कलाइन सेल होते. याला सोडा लावून काय होणार? व्हिनेगर लागतं."

"म्हणजे जखमेवर मीठ चोळलं म्हण की."

"मिठाने निदान झोंबतं तरी. याने काहीच झालं नाही."

भूपेश हसला. हसताना त्याच्या डोळ्यांखालची सूज हलली. "ऐकलंस का आई? इथे पण लेक्चर."

"ऐकतेय," स्वयंपाकघरातून इंदुबाईंचा आवाज आला. "दोघं एका खोलीत आले की सुरू."

रसिकाने कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेतलं आणि स्प्रिंगवर टेकवलं. बारीक फेस आला, थोडा वेळ चरचरला आणि बसला. असल्या जागी लिटमस लावून बघायची तिची पद्धत होती. कुठला सेल फुटला हे माहीत नसताना अंदाजाने काही ओतायचं नाही, हे ती भाईंदरच्या ज्युनिअर कॉलेजात मुलांनाही सांगे. पण वर सोडा असल्यावर लिटमस निळाच होणार होता. तिने सेलच्या फाटक्या वेष्टनावरची अक्षरं वाचून खात्री करून घेतली होती.

हा व्हिडिओ गेम दुबईच्या मामाने आणला होता. दोघांत एक, असं सांगून. भूपेश तेव्हा आठवीत होता, रसिका पाचवीत. मामा विमानात बसेपर्यंत तो दोघांचा होता. मग भूपेश खेळे आणि रसिका त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून वरून पडणारे ठोकळे बघे. पुढे लालबागची खोली विकून मीरा रोडला येताना तो कुठल्याशा खोक्यात गेला, सेलसकट. आता भूपेशच्या घरचा माळा साफ करताना तो सापडला होता. डायलिसिसच्या खुर्चीत मोबाईलकडे बघितलं की त्याचं डोकं दुखायचं. ठोकळे चालतील, असं त्याला वाटत होतं. डावा हात हलवायचा नाही, पण बोटं हलवली तर सिस्टर काही बोलत नसत.

रसिकाच्या टेबलावर असे बरेच येत. लोक कुरिअरने पाठवत. कुणी लहानपणीचा, कुणी मेलेल्या भावाचा, कुणी नुसताच जुन्या बाजारात मिळालेला. बिघाड बहुतेक वेळा एकच. ठेवून देताना सेल काढायचे राहून गेलेले.

"ती पिशवी बघितलीस का?" भूपेशने विचारलं. "पूर्वीने दिलीय. गाऊन आहेत दोन. समोरून बटणांचे. ऑपरेशननंतर डोक्यातून घालायला त्रास होतो म्हणे."

पिशवी दाराच्या कडीला टांगलेली होती. रसिकाने वर पाहिलं नाही.

"तुमच्या प्रिन्सिपॉल मॅडमशी पण बोलली ती. सहा आठवड्यांची रजा. मॅडम म्हणे फोनवर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, अशी बहीण नशिबाने मिळते."

"वहिनीने मॅडमना फोन केला?"

"मग? तू कुठे सांगणारेस कुणाला. तुझं आपलं बघू, बघू."

बघू, एवढंच ती सुरुवातीपासून म्हणत आली होती. रक्त द्यायला ती गेली, स्कॅनला गेली, चोवीस तासांची लघवी डब्यात गोळा करून रिक्षातून लॅबमध्ये नेऊन दिली. प्रत्येक वेळी नुसतं जुळतंय का बघायला. जुळलं, तेव्हा इंदुबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि समोरच्या हंसाबेनना बोलावून सांगितलं. हंसाबेननी रसिकाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली होती.

त्यानंतर डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. बाकीच्यांना बाहेर बसवून. दार लावून घेऊन ते म्हणाले होते, "इथे बोलाल ते इथेच राहील. तुमच्या मनात नसेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की डोनर मेडिकली फिट नाही. कारण द्यावं लागत नाही."

"विचार करते," ती म्हणाली होती.

काल हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरचा फोन आला होता. गुरुवारी कमिटीसमोर मुलाखत होती. त्याच्या आत काय ते कळवा, मॅडम. रसिका तेव्हा बाजारात होती. एका हातात मेथीची जुडी धरून तिने ऐकून घेतलं. एका वाक्याचं काम होतं. फिट नाही म्हणून कळलं असतं, भूपेश दोन दिवस गप्प राहिला असता आणि इंदुबाई तिलाच जवळ घेऊन रडल्या असत्या.

तिने चिमटा स्प्रिंगला लावला. स्प्रिंग एकदम हलकी होऊन तिच्या हातात आली. खालचा वेढा गंजून तुटला होता.

"गेली का?"

"गेली. नवीन बसवावी लागेल."

"तुझ्याकडे आहे ना तसाच." भूपेशने कपाटाकडे बोट दाखवलं. काचेमागे एक राखाडी गेम उभा होता, अगदी याच बांधणीचा. भंगारवाल्याकडून घेऊन रसिकाने तो स्वतःसाठी दुरुस्त केला होता. बटणाखालची रबरंही बदलली होती. टेबलावरचे सगळे जात, तो मात्र कुणाला देत नसे. "त्यातली काढून लाव."

"चालू सेट मी उघडत नाही. बंद पडलेल्यातून काढते. आत्ता माझ्याकडे तसा नाही. नया नगरला एक जण ठेवतो, उद्या बघते."

"उद्या माझं डायलिसिस आहे, रसू."

"मग त्याच्या पुढच्या वेळेला ने."

"अर्ध्या इंचाची स्प्रिंग ती!"

"रसिका," इंदुबाईंनी हाक मारली, "जरा ये गं. त्याचा चहा वेगळा करायचाय, कपात किती पाणी चालतं ते मला नाही कळत."

रसिकाने व्हिनेगरची बाटली बंद केली आणि आत गेली. भूपेशला दिवसभरात किती पाणी चालतं हे फक्त तिला पाठ होतं. तिने अर्धा कप चहा मोजून ओतला. इंदुबाई ओट्याला टेकून तिच्याकडे बघत होत्या.

"गुरुवारी कोणती साडी नेसशील?"

"आई, वहिनीचा ब्लडग्रुप पण ओ आहे."

इंदुबाईंनी गॅसचं बटण उगाच फिरवून पाहिलं. "असेल."

"तिच्या टेस्ट कुणी केल्या नाहीत."

"तिला दोन लेकरं आहेत, रसिका. आरोहीची बारावी आहे." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझी घेतली असती तर मी आज दिली असती. शुगर आडवी आली. तुझं काय, तुझ्यामागे कोण आहे?"

रसिकाने ओट्यावर सांडलेला चहाचा थेंब बोटाने पुसला. कप आणि त्याची दोन बिस्किटं ताटलीत ठेवून ती खोलीत आली.

कपाट उघडं होतं. तिचा गेम टेबलावर पालथा पडला होता, मागचं झाकण बाजूला, सेल गादीवर. भूपेशच्या हातात पक्कड होती. पकडीत स्प्रिंग होती, चकचकीत, आणि तिच्या पत्र्याला तुटलेल्या लाल तारेचं टोक लोंबत होतं.

"प्रॉब्लेम सॉल्व्ह," तो म्हणाला. "थोडी ओढावी लागली. सेम टू सेम आहे बघ."

रसिकाने ताटली स्टुलावर ठेवली.

"तो चालू होता."

"चालू होता म्हणून तर! चांगली स्प्रिंग त्यातच असणार ना."

"मी नाही म्हटलं होतं."

"तू सगळ्यालाच आधी नाही म्हणतेस." भूपेशने चहाचा घोट घेतला. "आणि तुला येतं ना हे. तू तुझ्यात दुसरी बसवशील. मला येत असतं तर मी तुझ्याकडे आलो असतो का?"

इंदुबाई हात पुसत दारात आल्या. टेबलाकडे बघून त्यांनी काय झालं ते ओळखलं.

"लाव गं त्याची. नाहीतरी तुझा शोभेलाच असतो. आजारी माणसाशी काय धरून बसायचं?"

रसिका खुर्चीवर बसली. तिने पक्कड भूपेशच्या हातातून घेतली, स्प्रिंग सोडवली. तुटलेली तार किती आत गेलीय ते तिच्या सेटमध्ये एकदा डोकावून पाहिलं आणि तो झाकण लावून बाजूला सरकवला. मग भूपेशच्या गेमची काळी पडलेली तार कापली, स्पिरिटने जागा पुसली, नवी तार घेतली. सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत तिने तारेची टोकं सोलून घेतली. टाका एकाच वेळी बसला, छोटा, गोल, चमकणारा. तिचे टाके तसेच असत.

तिने सेल घातले आणि गेम त्याच्यापुढे धरला.

बटण त्याने दाबलं. पडदा हिरवट उजळला आणि ती बारीक, चढत जाणारी धून वाजली. भूपेशने तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तो सुजलेला चेहरा गेला आणि आठवीतला आला.

"अरे! तोच आवाज, आई!"

"तोच मेला," इंदुबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. "जेवायला उठत नव्हतास याच्यापायी."

ठोकळे पडू लागले. भूपेशचे अंगठे आधी अडखळले, मग त्यांना सवय आठवली. रसिका बघत होती. एक ओळ भरली, गेली. दुसरी गेली. तो खालचा ओठ दातात धरून खेळत होता. ती पुढे वाकली आणि त्याच्या उशीची घडी सरळ केली.

"गुरुवारी ते लोक विचारतील हां," पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला. "स्वखुशीने देताय ना, घरच्यांचं प्रेशर नाही ना, असलं काय काय. व्हिडिओ पण काढतात. पटकन हो म्हणून मोकळी हो. तुला एक एक प्रश्नावर विचार करत बसायची सवय आहे, त्यांना उगाच शंका यायची."

"ते विचारतील," रसिका म्हणाली. "तू विचारलं नाहीस."

"काय?"

"मला. देशील का म्हणून. कुणीच नाही विचारलं."

भूपेशचे अंगठे थांबले. ठोकळे एकावर एक साचत गेले, वरपर्यंत पोचले आणि गेम संपल्याचा आवाज झाला.

"बहिणीला काय अर्ज करायचा का?" तो हसून म्हणाला. हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने आईकडे पाहिलं.

"आता हे काय नवीन?" इंदुबाई म्हणाल्या. "विचारतो तो. विचार रे तिला. घे, विचार, म्हणजे समाधान होईल."

भूपेशने गेम मांडीवर ठेवला. डाव्या हातावरची शीर आतून फडफडत होती, ती त्याने उजव्या तळव्याने झाकली. तो काही विचारणार असं वाटलं. मग त्याने मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघू लागला.

रसिकाने आयर्नचा प्लग काढला. टेबलावरचे पांढरे कण कापसाने गोळा केले, कापूस कागदात गुंडाळला.

"दादा, हॉस्पिटलमधून तुला फोन येईल. माझी किडनी चालणार नाही, असं ते सांगतील. मी फिट नाही म्हणून. तसं सांगायला ते तयार आहेत, मी फक्त हो म्हणायचं बाकी आहे."

"म्हणजे? रिपोर्टमध्ये काही निघालं?" इंदुबाई पुढे आल्या. "बाई गं, तुला काही झालंय का?"

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. उबदार, ओला, पिठाचा वास असलेला हात. रसिका काही वेळ त्या हाताखाली बसून राहिली. मग तिने तो हळूच काढून त्यांच्याच दुसऱ्या हातात दिला.

"काही निघालं नाही, आई. सगळं जुळतं. माझी चालते." ती भूपेशकडे वळली. "मी देणार नाहीये."