मोठ्या मिस्त्रींची हाडं

दवाखान्यात जायचं होतं काकूंना, पण तयारी चालली होती मिस्त्रींची. इस्त्रीचा शर्ट, पुसून चकचकीत केलेले बूट, केसांना पाणी. सत्तरी जवळ आली तरी हा माणूस दारात उभा राहिला की दार भरून जायचं. सगळी हयात गवंडीकामात गेलेली. त्या भागातल्या निम्म्या भिंती त्यांच्याच हातच्या. त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना ‘मोठे मिस्त्री’ म्हणत आणि त्यांची बायको म्हणून काकू झाल्या ‘मिस्त्रीणकाकू’.

काकू म्हणजे मूठभर जीव. शाळेत मावशी म्हणून नोकरी करताना त्यांनी तीन मजल्यांचे जिने आयुष्यभर चढउतार केले होते. पण घरात त्यांची ख्याती नाजूक म्हणूनच. आणि ती पसरवणारे मिस्त्रीच.

“मी येतो बरोबर,” ते म्हणाले. “तुझी हाडं म्हणजे आगपेटीतल्या काड्या. वाटेत मोडलीस तर गोळा करायला कुणीतरी पाहिजे ना.”

“या की,” काकू म्हणाल्या. “पिशवी तुम्हीच धरा.”

दवाखाना कोपऱ्यावरचा, लहानसा. एक डॉक्टरीणबाई, दोन खोल्या आणि भिंतीला लागून बाकं. तिथली सिस्टर म्हणजे या दोघांची एकुलती एक मुलगी. हाडं तपासायचं खूळ तिचंच. शेजारच्या एक आजीबाई घरातल्या घरात पाय सरकून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. तेव्हापासून तिने डॉक्टरीणबाईंच्या मागे धोशा लावला होता: हाड मोडल्यावर प्लास्टर घालण्यापेक्षा आधीच बघू या ना कुणाची हाडं ठिसूळ झालीत. शेवटी बाईंनी मान डोलावली आणि पासष्टीच्या पुढच्या बायकांना बोलावणं गेलं.

पांढऱ्या कोटातली लेक समोर बसून परक्या माणसाला विचारावं तसे प्रश्न विचारायला लागली, तेव्हा काकूंना हसू आवरेना. पण ऊर भरूनही आला. हीच पोर लहानपणी पाटी फोडून त्यांच्या पदराआड लपायची.

“आई, हसू नकोस. कधी किरकोळ पडून हाड मोडलंय?”

“नाही गं.”

“तुझ्या आईचा, म्हणजे आजीचा, खुबा मोडला होता?”

“छे! तुझी आजी शेवटपर्यंत खणखणीत होती.”

सगळं विचारून झालं, वजन-उंची झाली. मग लेकीने पेन खाली ठेवलं आणि बापाकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही दम्याच्या त्या गोळ्या किती वर्षं घेताय?”

“धूळ खाल्ली तेवढी वर्षं. का? माझा काय संबंध? हे बायकांचं दुखणं.”

“दुखणं बाई-पुरुष बघून येत नाही. त्या गोळ्या फार वर्षं घेतल्या की हाडं आतून पोकळ होतात. तुमचं मनगट मोडलं होतं ना, ते...”

“शिडीवरून पडलो होतो मी!” मिस्त्रींचा आवाज चढला. बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. “एवढ्या उंचावरून पडल्यावर पैलवानाचंही मोडेल.”

“हो, ते खरं,” लेक म्हणाली. “उंचावरून पडलात तर त्याचा वेगळा विचार करायचा. साधं उभ्या-उभ्या पडून मोडलं असतं तर मात्र काळजीचं होतं.” आणि तिने पुन्हा पेन उचललं.

काकू त्या पेनाकडे बघत राहिल्या. शिडी नव्हतीच मुळी. मिस्त्री बाथरूमच्या पायरीला अडखळून हातावर पडले होते आणि मनगट कट्‌कन मोडलं होतं. साध्या पायरीने मोठ्या मिस्त्रींना लोळवलं हे जगाला कसं सांगायचं? म्हणून त्यांनी शिडी उभी केली आणि काकूंनी ती निमूटपणे धरून ठेवली. लेकीलाही सांगितलं नाही. नवऱ्याच्या मानाचा प्रश्न होता.

त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

“शिडी नव्हती,” काकू म्हणाल्या.

“अगं!” मिस्त्री गरजले.

“नव्हती शिडी. बाथरूमची पायरी होती, वीतभर उंचीची. रागवा मला हवं तेवढं. पण ही पोर विचारतेय ते खोट्यावर कसं चालेल?”

लेक उठली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊन आली. बाईंनी मिस्त्रींना उंचीच्या पट्टीखाली उभं केलं.

“मी सहा फूट आहे,” मिस्त्रींनी आधीच जाहीर केलं.

बाईंनी आकडा वाचला. सहा फुटांना चांगली तीन बोटं कमी.

“तुमची पट्टी चुकलीय!” मिस्त्री वळले, एक डोळा बारीक करून पट्टी वरपासून खालपर्यंत न्याहाळली, भिंतीवरून तळवा फिरवला, वाकून जमिनीचा सांधा पाहिला. काकू बघत होत्या. आता हा माणूस दवाखाना पाडूनच बाहेर पडणार असं त्यांना वाटलं.

मिस्त्री सरळ उभे राहिले. “ओळंब्यात आहे, सरळ रेषेत,” ते हळूच म्हणाले. “पट्टी बरोबर लावलीय.”

त्या क्षणी काकूंना नवऱ्याचा फार अभिमान वाटला. बढाया मारायला तो एक नंबर होता, पण भिंतीच्या बाबतीत त्याच्या तोंडून खोटं निघालं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं मोठ्या रुग्णालयात जाऊन हाडं मोजणाऱ्या यंत्राखाली झोपून आली. निकाल घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसली तेव्हा मिस्त्रींनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

“काकू, तुमची हाडं वयाच्या मानाने छान आहेत,” बाई म्हणाल्या. “खरं सांगू? तुमची चण बघून मला उलटं वाटलं होतं. थोडं आईकडून आलं असेल, थोडं त्या जिन्यांनी दिलं असेल.” मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. “तुमची मात्र बरीच ठिसूळ झालीत. पाठीचा एक मणका दबलाय. पाठ दुखते म्हणता ती त्यामुळेच. उंचीही तशीच गेली.”

“मी गादीला शिव्या देत होतो,” मिस्त्री म्हणाले.

“यावर औषध आहे. वेळेत कळलं. खुबा शाबूत आहे, तो तसाच ठेवायचा.” आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्यांनी नीट समजावून दिली: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दम्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्यांचं काय करायचं ते बाई बघतील. शिवाय तोल सांभाळायचे व्यायाम.

घरी आल्यावर मिस्त्री खिडकीशी जाऊन बसले. दोन-तीन दिवस चहाच्या टपरीवरही फिरकले नाहीत. काकूंच्या जिभेवर मात्र केव्हाचं काहीतरी वळवळत होतं. इतकी वर्षं काडी म्हणून घेतल्यावर एकदा तरी ठणकावून सांगावं, की बघा, कोण पक्कं निघालं ते! आरशासमोर उभ्या राहून त्यांनी ते मनात म्हणूनही पाहिलं. ताठ उभ्या राहिल्या, स्वतःवर खूश झाल्या. पण खिडकीशी वाकलेली ती रुंद पाठ दिसली आणि शब्द गिळले.

त्याऐवजी त्या म्हणाल्या, “उठा. एका पायावर उभं राहायचंय.”

“शाळेत आहे का मी?”

“मी शाळेतलीच आहे. उठा.”

ओट्याला धरून दोघं उभी राहिली. मिस्त्री एक पाय उचलतात न उचलतात तोच डुलायला लागले. शेजारी काकू बगळ्यासारख्या निवांत. मिस्त्रींनी तिरक्या नजरेने पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटले. “काय गं, तू तर मला वर्षानुवर्षं फसवलंस! आणि मी तुझी पिशवी उचलत होतो!”

“मग उद्यापासून मी उचलते,” काकू म्हणाल्या आणि मग त्यांनाही हसू फुटलं.

त्यानंतर मिस्त्रींची कळी खुलली. गोळीच्या दिवशी ते अर्धा तास खुर्चीत ताठ बसून राहत आणि काकूंनाही समोर बसायला लावत. एकदा असेच बसले असताना म्हणाले, “भिंतीला तडा गेला की कच्चा कारागीर वरून रंग फासतो. असल्यांना मी कामावरून हाकललंय. आणि स्वतःचा तडा मात्र शिडी लावून झाकला.”

त्याच संध्याकाळी बूट चढवून ते चहाच्या टपरीवर गेले. तिथे त्यांच्या जुन्या जोडीदारांचा अड्डा असायचा: गिलावा करणारे, फरशी बसवणारे, सुतार, सगळे निवृत्त. काकू भाजी घेऊन तिथूनच येत होत्या. मिस्त्रींचा आवाज ऐकून त्या थबकल्या.

“ऐका रे. माझं मनगट शिडीवरून पडून नाही मोडलं. बाथरूमच्या पायरीवर मोडलं.”

टपरीवर हशा पिकला. मिस्त्रींनी तो पिकू दिला. मग म्हणाले, “हसून झालं? आता सांगा, तुमच्यातल्या कुणाची विजार हल्ली लांब व्हायला लागलीय? कुणाची पाठ उगाच दुखते? धूळ आपण सगळ्यांनीच खाल्लीय, गोळ्याही खाल्ल्यात. सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. जो येणार नाही त्याला मी घाबरट म्हणेन, आणि भर रस्त्यात म्हणेन.”

कोपऱ्यातल्या गिलावेवाल्याने हळूच विचारलं, “दुखतं का रे ते?”

“यंत्राखाली नुसतं पडून राहायचं. तुझा आवडता उद्योग.”

काकू तशाच मागे फिरल्या आणि लांबच्या रस्त्याने घरी गेल्या. आपण ऐकलं हे मिस्त्रींना कळू द्यायचं नव्हतं. डोळे भरून आले होते ते आधी पुसायचे होते.

सोमवारी दवाखान्याची बाकं पुरेनात. दारात एवढे पुरुष बघून डॉक्टरीणबाई चकित झाल्या. लेक एकेकाला नावाने हाक मारत होती, पट्टीखाली उभं करत होती, वाद घालणाऱ्यांना गप्प करत होती. “पट्टीला बोल लावू नका, काका. ती बाबांनी तपासलीय.”

सुताराने मिस्त्रींना ढोसलं. “पोरगी कडक आहे हां तुझी!”

“माझी कसली?” मिस्त्रींनी काकूंकडे बोट दाखवलं. “हिची आहे. मी फक्त नाव लावलंय.”

गिलावेवाल्याची उंचीही कमी भरली; पाठीतला मणका दबला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एरवी तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी टोपी हातात फिरवत बसला. त्याला मोठ्या रुग्णालयात यंत्राखाली न्यायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनीच त्याचा हात धरला. कुठल्या खिडकीशी जायचं, कोट कुठे काढून ठेवायचा, कोणत्या बाजूने पलंगावर चढायचं, सगळं सांगत ते त्याला बसथांब्याकडे घेऊन निघाले. चालताना पाय जपून टाकत होते, पण मान ताठ होती.

काकू दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. मागून लेक येऊन शेजारी उभी राहिली.

“बाबा बघ कसे निघालेत,” ती म्हणाली.

“बघतेय,” काकू म्हणाल्या.