बादलीत गेलेला समुद्र

मित्रांनो, मी चाळणी आहे, जुनी आहे, पण पिठाच्या चाळणीशी माझं नातं जोडू नका. ती घराघरांत कोंडा काढत बसते. मी समुद्र चाळला आहे. पितळेचं कडं आणि पोलादी तारेची जाळी असं माझं अंग एका कारागिराने घडवलं. तारा ताणताना तो सारखा जांभया देत होता, म्हणून एका कडेला माझी जाळी अजूनही सैल आहे. अर्धवट कामाशी माझी ओळख अशी जन्मापासूनची.

तिथून मी थेट समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत आले. तिथली माणसं विद्वान होती, म्हणजे तसं ती एकमेकांना सांगत. त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी जाई, बारीक जाळं पाण्यातून ओढी आणि प्लवक घेऊन येई. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत राहणारे जीव. त्यातले बरेचसे तांदळाच्या कणीहून लहान, कोळंबीच्या दूरच्या भावकीतले. माशांची पिल्लं त्यांच्यावर पोसतात. ते किती सापडतात यावरून समुद्राचा तो भाग किती सुपीक, हे ठरवायचं.

जाळ्यातला माल माझ्यावर ओतत. बारीक जीव पाण्यासोबत खालच्या काचेच्या भांड्यात उतरत आणि त्यांचं वजन होई. माझ्यावर उरे तो लिबलिबीत गोळा. त्यात जेलीफिश असत आणि इवल्याशा काचेच्या पिंपांसारखे, आरपार दिसणारे साल्प नावाचे प्राणी असत. ना हाड, ना कवच, ना धड चेहरा. त्यांचा स्पर्श झाला की मला शिसारी येई. हा गोळा मोजायचा नाही, बादलीत टाकायचा आणि बादली मोरीत उपडी करायची, असा तिथला रिवाज होता. का, ते कुणी विचारत नसे. विद्वान माणसं रिवाजाला पद्धत म्हणतात, आणि पद्धत म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसते.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे सर म्हणत. तरुणपणापासून त्यांनी त्या एकाच खाडीचं प्लवक तोललं होतं आणि त्याचा आलेख भिंतीवर लावला होता. त्याची रेघ वर्षागणिक खाली उतरत होती. खाडी मरते आहे, असं सर पाहुण्यांना सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा खुले, जणू खाडीने मरून त्यांचा मान राखला. पाहुणे वाहवा करत. एकाने तर मलाही उचलून माझं कौतुक केलं आणि त्याच हाताने आपले केस नीट केले. दिवसभर त्याला सडक्या माशांचा वास कुठून येतो ते कळलं नसेल.

पुढे सरांची मुलगी तिथेच संशोधनाला लागली. घरी बाबा आणि इथे सर, अशी तिची कसरत चाले. हुशार होती आणि हट्टी होती; बापाचंच रक्त. तिने बादली मोरीत ओतणं बंद केलं. तो गोळा ती भट्टीत सुकवायची आणि उरलेली खपली तोलायची. मी मनात म्हटलं, घ्या, शिकून सवरून पोर कचरा वाळवायला बसली.

त्याच सुमारास बंदराच्या कचेरीतून विचारणा आली. बंदर खोल करताना निघणारा गाळ टाकायला त्यांना जागा हवी होती. खाडीच्या तोंडाशी फारसं काही जगत नसेल तर तिथेच टाकू, असं त्यांचं म्हणणं. सरांनी भिंतीवरच्या आलेखाकडे बघून अहवाल लिहिलाही. इथले जीव नगण्य आहेत, असं त्यात होतं. गाळ पडला की तळ गाडला जाणार आणि जे जगतं आहे तेही संपणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे चहा पीत राहिले.

अहवाल पाठवायच्या दिवशी मुलगी सरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी शेजारच्या ओट्यावर निथळत होते. ती म्हणाली, खाडी मेलेली नाही, तिथले रहिवासी बदलले आहेत. कणीएवढे जीव कमी झाले आणि साल्प वाढले. सगळं पाणी उडवून तोललं तरी बादलीतला माल भांड्यातल्या मालाहून भारी भरतो, आणि तो खाणारे मासेही तिथे आहेत.

सर हसले. पाहुण्यांसाठी त्यांचं हसू वेगळं असे, हे घरच्यांसाठीचं होतं. आजपासून ते मोजायला लागलो तर जुन्या आकड्यांशी तुलना कशी करायची, असं त्यांनी विचारलं. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, म्हणून तर त्याच्या आड लपता येत होतं.

"पण सर, मुळात फेकायला लागलो कशासाठी?"

"पद्धत आहे ती."

"ती का पडली? बाबा, मी खरंच विचारतेय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नमुने ठेवायच्या तेव्हाच्या बाटल्यांची तोंडं अरुंद होती गं," ते म्हणाले. "हे आत जायचे नाहीत."

बाटल्या केव्हाच बदलल्या होत्या. रुंद तोंडाच्या बरण्या समोरच्या कपाटात ओळीने उभ्या होत्या आणि बादली तरीही भरतच होती. चाळणीने सुईच्या भोकाला हसू नये म्हणतात, पण मी हसले. मुलगी हसली नाही. तिने पेन पुढे केलं. सरांनी 'नगण्य' हा शब्द खोडला आणि त्याच्यावर लिहिलं, 'आम्ही मोजलेले नाहीत'. भिंतीवरचा आलेखही त्यांनीच उतरवला. बंदरवाल्यांनी गाळासाठी दुसरीकडे जागा शोधायला सुरुवात केली.

आता साल्प हाताने उचलून मोजतात, म्हणून मी खिळ्याला लटकते आहे. फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या तुमच्यापुढे 'आम्हाला जपा' म्हणून गळा काढतात, तशी मी काढणार नाही. मी हिरवी पडेन नाहीतर भंगारात जाईन, तुम्हाला त्याचं काय? ते लिबलिबीत प्राणीही मला अजून आवडत नाहीत. पण मित्रांनो, काही फेकण्याआधी ते का फेकतो आहोत हे स्वतःला विचारा, आणि उत्तराची लाज वाटली तर ते मोठ्याने सांगा. सरांना तेवढं सांगायला केस पांढरे व्हावे लागले. तोवर किती समुद्र मोरीत गेला, ते आता कुणालाच मोजता येणार नाही.