लिंबोणीवरच्या अळ्या

किसनरावांना हा रविवार उगवायलाच नको होता. मुलगा-सून अपघातात गेल्यापासून आठ वर्षांची प्रणाली अकोल्याला त्यांच्याजवळ राहत होती, आणि रविवारी तिचा मामा देवमन तिला अमरावतीला न्यायला येणार होता. पोरीनं एकच अट घातली होती.

"आमच्या घरी येत होते तसे फुलपाखरं इथं आले, तं मी इथंच राहीन, आबा."

मग काय, म्हातारा इरेला पेटला. अंगण खणून झेंडू लावला, झिनिया लावला, ताटलीत पिकलं केळं ठेवलं. महिना झाला, आल्या त्या मुंग्या. पोर गेली तर या घरात चूल कुणासाठी पेटवायची, ही एकच धास्ती त्यांना होती.

रविवारी सकाळी पाहतात तर लिंबोणीची पानं कुरतडलेली, पानांखाली बोटाएवढ्या हिरव्या अळ्या! किसनरावांची हयात कपाशीत गेलेली. अळी दिसली की त्यांचा हात डोक्याला विचारत नाही. जित्याची खोड! त्यात झाड वठलं तर फुलपाखरू फिरकायचंच नाही, ही भीती. प्रणाली झोपेतून उठायच्या आत त्यांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि पान न् पान धुऊन काढलं.

दहाला देवमन आला. प्रणालीनं त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही, हाताला धरून लिंबोणीकडे ओढत नेलं. कपबशी घेऊन किसनराव मागोमाग गेले.

"मामा, मी नाई येत. आमच्या पुस्तकात देल्लं हाय, या अळ्याईचेच फुलपाखरं होतेत. पाच हायेत. रोज मोजून राहिली मी. आबाले अजून सांगतलंच नाई!"

तिनं पान उलटलं. दुसरं उलटलं. मग खाली पाहिलं. बुंध्याभोवतीच्या आळ्यातल्या चिखलात पाचही अळ्या काळ्या पडून आखडल्या होत्या.

"कोनं मारल्या?"

मुंग्यांवर ढकलता आलं असतं. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून देवमनही डोळ्यांनी 'सांगू नका' असंच खुणावत होता. पण म्हाताऱ्याला खोटं सुचलं नाही.

"म्या फवारलं, बाई."

प्रणाली रडली नाही. तिनं हातातलं पान सोडून दिलं.

"तुमाले मी नको होती, तं तसं सांगाचं ना, आबा."

किसनरावांनी कपबशी खाली ठेवून तिचा हात धरायला पाहिलं. प्रणाली आत गेली आणि आपली कपड्यांची पिशवी घेऊन मामाच्या गाडीत जाऊन बसली.