संगप्पांची बिस्किटं निघाली दुबईला

बाळांनो, कल्पना करा बरं! तुमच्या घरच्या भट्टीतली बिस्किटं आज आगगाडीनं मुंबईला आणि तिथून जहाजानं थेट दुबईला निघणार आहेत. घरात कसली धांदल उडेल!

तशीच धांदल १९७६ साली सोलापुरात, सात रस्त्याजवळ, संगप्पांच्या बेकरीत उडाली होती. तेव्हा तेलामुळे आखाती देशांत पैसा आला होता. त्यांना खाण्याचे जिन्नस विकायला जगभरचे देश धावत होते. आपलं सरकारही सांगत होतं, माल बाहेर पाठवा, परकीय चलन आणा. पण तिथं माल हलाल लागे, म्हणजे इस्लाम धर्माला चालणारा. त्यात डुकराची चरबी नको, दारूचा थेंब नको.

संगप्पांचा दोस्त दस्तगीर नमुन्याचे डबे घेऊन संध्याकाळच्या गाडीनं निघणार होता. डबे पसंत पडले तर वर्षभराची ऑर्डर!

“इंग्लंड, डेन्मार्क, सगळे रांगेत हायत,” दस्तगीर म्हणाला. “माल हलाल हाय, असं मला तिथं शपथेवर सांगायचंय. बिस्किटांत काय काय घालतोस?”

“अरे, आमी लिंगायत! घरात अंडं येत न्हाय. आणखी काय हलाल पायजे तुला?”

संगप्पांची दहा वर्षांची लेक हेमावती पिठात व्हॅनिलाचा इसेन्स घालत होती. तिनं बाटली हुंगली.

“अप्पा, दवाखान्यात सुईच्या आधी चोळतात की, तसला वास येतोय याला.”

दस्तगीरनं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि तो खो खो हसत सुटला. “संगप्पा, यात अल्कोहोल हाय! आणि तू दारूच्या दुकानावरनं जाताना नाक धरतोस!”

“शिव शिव!” म्हणत संगप्पा मैद्याच्या पोत्यावर मटकन बसले. भरलेले डबेही त्याच इसेन्सचे होते.

“अवो, भाजल्यावर वास कुटं ऱ्हातोय?” त्यांची बायको, हेमावतीची अव्वा गिरिजाबाई, हळूच म्हणाली. “कुनाला कळतंय? गाडी चुकली तर ऑर्डर गेली की.”

“कळणार न्हाय, वहिनी,” दस्तगीर म्हणाला. त्याचं हसू थांबलं होतं. “पण शपथ मी घेणार.”

संगप्पा कधी डब्यांकडं, कधी घड्याळाकडं बघत राहिले.

हेमावतीनं मात्र पिठाची परात बाजूला ढकलली, डबे भराभर रिकामे केले आणि खलबत्ता पुढ्यात ओढला. “अव्वा, वेलदोडे काढ! अप्पा, भट्टी इझू देऊ नका!”

मग तिनं मैद्याची चाळणी उचलली आणि दस्तगीरच्या हातात दिली. “चाचा, बघत काय बसलाय? चाळा की!”