शेवटचा हात

त्या ऑफिसात एकच कायदा चालायचा: प्रोग्रामच्या ज्या फाइलला शेवटचा हात तुमचा, ती फाइल तुमची. पुढे तिच्यात काहीही बिघडो, मान तुमची. मग काय, सगळे हाताची घडी घालून बसायचे. रुग्णवाहिका पाठवणारं ते सॉफ्टवेअर जुनाट, ठिगळावर ठिगळ लावलेलं. पण शहाणा माणूस त्याच्या वाटेला जायचा नाही.

धाकटी कुठली शहाणी! वर्षभर सासूची बोलणी खाऊन, हट्ट धरून तिने ही नोकरी मिळवलेली, तीही थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली. एका दुपारी जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पत्त्यांच्या फाइलमध्ये मदतकक्षाचा फोन नंबर बदलायचाय. तेवढा बदल ना, माझं डोकं उठलंय."

झालं! बाईसाहेब हरखल्या. जाऊबाईंनी स्वतःची फाइल सोपवली, म्हणजे केवढा विश्वास! तिने नंबर बदलला, पुन्हापुन्हा तपासला, वर जाऊबाईंना चहाही नेऊन दिला.

पुढच्याच आठवड्यात दोन फोन एकदम आले आणि गाडी भलत्याच घरी गेली. जिथे जायला हवी होती, तिथला म्हातारा वाट बघत बघत गेला.

धाकटीने तडक फाइल उघडली. दोन फोन एकदम आले की एकाचा पत्ता दुसऱ्याला चिकटत होता, आणि तो भाग जाऊबाईंनी लिहिलेला, तिच्या लग्नाच्याही आधी. ती धावतच त्यांच्याकडे गेली.

"ताई, ही चूक जुनी आहे हो!"

"माहीत आहे," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "तक्रारी आल्या होत्या मागे. उगाच का तुला हात लावायला सांगितलं?"

चौकशीत धाकटीने जीव तोडून सगळं सांगितलं. साहेबांनी फक्त शेवटचा हात कुणाचा ते पाहिलं. "घरचं माणूस आहे म्हणून मी सूट मागणार नाही," जाऊबाई डोळ्यांना रुमाल लावत म्हणाल्या. काय ते कौतुक झालं त्यांचं! धाकटीला त्याच दिवशी घरी पाठवलं.

संध्याकाळी जाऊबाई आल्या तेव्हा ती दारातच उभी होती.

"ताई, निदान ती चूक तरी दुरुस्त केलीत ना?"

"वेडी का खुळी तू? आता त्या फाइलला हात कोण लावेल?" त्यांनी पर्स तिच्या हातात दिली. "आणि उद्या माझा डबा लवकर कर. तुला आता कुठे जायचंय?"