चार नंबरची कटर

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर आमचा चहा यायचा होता, तेवढ्यात रत्नपाल बाकावरून उठला आणि सरळ मागच्या तंदूरकडे चालू लागला. तंदूरवर निळी ताडपत्री होती. ती उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती. दोन दगड, एक ट्रकचा फुटका ब्रेकड्रम, आणि चौथ्या कोपऱ्यावर धूळ-तेलाने माखलेलं काहीतरी. रत्नपालने ते चौथं वजन उचललं, शर्टाच्या बाहीने त्याची मूठ पुसली आणि तिथंच उकिडवा बसला. मी जवळ जाऊन पाहिलं तर त्याचं बोट मुठीखालच्या एका आकड्यावर टेकलेलं होतं. पंचने ठोकलेला चार.

"हीच होय, बाबू," तो म्हणाला. "हा चार म्याच ठोकला होता."

या मशीनच्या मागे आम्ही सात वर्षं होतो. ‘आम्ही’ म्हणणं खरं तर लबाडीचं आहे. मागे होता तो. मी फक्त त्याच्या स्कूटरवर मागे बसत होतो. ढाबेवाला धावत आला आणि हिंदीत म्हणाला की ते वजन आहे, हलवू नका, ताडपत्री उडेल. पैसे त्याला नको होते, त्याला ताडपत्रीची काळजी होती. रत्नपालने वाद घातला नाही. रस्त्यापलीकडच्या नाल्यात उतरून त्याने एक भलामोठा दगड खांद्यावर घालून आणला, कोपऱ्यावर ठेवला आणि मशीन पोत्यात भरली. माझा चहा तोवर गार झाला होता. हे २०१०च्या डिसेंबरातलं.

मी ईश्वरदास बिसेन. सौंदडकडच्या एका लाकूड डेपोत सव्वीस वर्षं बाबू होतो, म्हणून निवृत्त झालो तरी लोक बाबूच म्हणतात. रत्नपाल मेश्राम त्याच डेपोत रोजंदारीवर मिस्त्री होता. डेपोत झाडं कापायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या मशीनी होत्या. कागदावर आम्ही चेनसॉ लिहायचो, तोंडाने सगळे कटर म्हणत. चार नंबरची कटर मनिराम उईके चालवायचा. त्याच्यासारखा चालवणारा मी दुसरा पाहिला नाही. डेपोत एक गंमत चाले. कापलेला ओंडका उभा करायचा आणि त्याच्या तोंडावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचा. सांडला नाही तर कापणारा पास. मनिरामच्या ओंडक्यावर पुढेपुढे कोणी कप ठेवतच नसे, त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पेट्रोलचे डबे दोन असत, दिसायला अगदी सारखे. एकात साधं पेट्रोल, पाण्याच्या पंपासाठी. दुसऱ्यात ऑइल मिसळलेलं, कटरसाठी. कटरच्या इंजिनाला ऑइल वेगळं घालायची सोय नसते. पेट्रोलातून जाईल तेवढंच त्याचं वंगण. साधं पेट्रोल पडलं की थोड्याच वेळात पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि मशीन मरते. म्हणून ऑइलवाल्या डब्याच्या मुठीला लाल चिंधी बांधायची, ही पद्धत. अक्षर न येणाऱ्यालाही चुकायला नको.

१९९९च्या जानेवारीत एका सकाळी चार नंबरची कटर सागाच्या बुंध्यात अर्धी घुसून जाम झाली. डेपोच्या साहेबांनी टाकी हुंगली आणि मनिरामला विचारलं, कोणता डबा ओतलास? मनिराम म्हणाला, चिंधीवाला. त्याचं कोणी ऐकलं नाही, डबे बघायलाही कोणी गेलं नाही. "चालकाच्या निष्काळजीपणामुळे" असा अहवाल गेला आणि मनिरामला कामावरून काढलं. अहवाल मी टाइप केला. शब्दही मीच सुचवला, साहेबांना तो आठवत नव्हता.

पुढे २००३ मध्ये डेपोच्या निकामी मशीनींचा भंगारात लिलाव झाला. त्यानंतर आठवड्याने रत्नपाल माझ्या टेबलापाशी आला. तोवर तो केव्हाच डेपो सोडून गेला होता आणि कुडव्याला पंप आणि फवारणीच्या मशीनी दुरुस्त करायचं दुकान चालवत होता. त्याला चार नंबर कोणाकडे गेली ते हवं होतं. मी म्हटलं, मेलेलं मढं कशाला हवंय? तेव्हा त्याने सांगितलं. त्या सकाळी हात पुसायला त्याने चिंधी सोडली होती आणि कोणाशी तरी बोलता बोलता परत बांधली होती. दुसऱ्या डब्याला. संध्याकाळी चिंधी पाहिली तेव्हा कळलं. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागायचं होतं, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्याने चिंधी सोडून बरोबर डब्याला बांधली आणि गप्प बसला. चार महिन्यांनी नाव लागलं, तेव्हा त्याला तिथं उभं राहवेना.

मी म्हटलं, मग जा आणि मनिरामला सांगून मोकळा हो, भंगार कशाला शोधतोस?

"तोंडानं सांगतलं त थो म्हणन, असू दे," रत्नपाल म्हणाला. "त्याची मशीन म्या मारली. चालू करून त्याच्या हातात देईन, मंग सांगन."

मला हे पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. पण हा माणूस एकदा बोलला की बैलजोडी लावूनही मागे ओढता येत नाही.

लिलाव घेणाऱ्याने माल तिघांना विकला होता, त्या तिघांनी आणखी कोणाला. रत्नपाल दुकान बंद ठेवून रविवारी रविवारी फिरू लागला. देवरी, बालाघाट, लाखनी, थेट चंद्रपूर. चार नंबर कुठंच नव्हती, पण इतर जुन्या कटर मिळत गेल्या. पहिली त्याने घेतली ती सुट्या भागांसाठी. तीस वर्षांपूर्वीची स्वीडनची, केशरी रंगाची. घरी आणून पाहतो तर थोडी साफसफाई आणि नवी रिंग, एवढ्यावर ती चालू झाली. "चालू मशीन कोनी खोलते का, बाबू?" असं म्हणून त्याने ती फळीवर मांडली. मग दुसरी, तिसरी. ज्या मोठ्या मशीनींवर जंगलात माणसांनी आयुष्यं घालवली, त्याच तो घ्यायचा. नवी हलकी खेळणी कोणी फुकट दिली तरी हात लावायचा नाही. प्रत्येक कटर कोण चालवायचा ते हुडकून काढायचा आणि पत्र्याच्या पट्टीवर त्या माणसाचं नाव रंगवून मशीनला बांधायचा. नाव मिळेपर्यंत मशीन फळीवर चढायची नाही, खाली जमिनीवर राहायची.

त्याची बायको रचना सुरुवातीला हसायची, मग चिडली, मग तिने स्वयंपाकघराची भिंत वाचवण्यापुरतीच लढाई ठेवली. मी गेलो की मलाच ऐकवायची. "दहा सवती आणल्या यायनं, अना एकीले बी सैपाक येत नाही." एकदा जंगल खात्याचा माणूस चौकशीला आला. घरात दहा कटर म्हणजे नक्की चोरटी लाकूडतोड, असा त्याचा हिशेब. रत्नपालने त्याला सगळी फळी दाखवली. एकाही मशीनला साखळी नव्हती. साखळ्या त्याने वेगळ्या पेटीत कुलूप लावून ठेवल्या होत्या. तो माणूस पट्ट्यांवरची नावं वाचत गेला. एका नावापाशी थांबून म्हणाला की हे आमच्या आत्याचे यजमान. चहा पिऊन गेला.

तर अशा दहा जमल्यावर कोहमाऱ्याला चार नंबर सापडली. आता रत्नपालचं खरं काम सुरू झालं. सिलिंडरला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. ते त्याने काडीला कापूस गुंडाळून तेजाबाने थेंबाथेंबाने उतरवलं. आठ दिवस तेच. सिलिंडर वाचला. पिस्टन मात्र गेला होता आणि तो आता कुठंच बनत नव्हता. नागपूरला विचारलं, रायपूरला विचारलं. जुळणारा पिस्टन एकाच ठिकाणी होता, त्याच्याच फळीवर. बालाघाटहून आणलेली, त्याच जातीची जर्मन मशीन. दहांमध्ये ती त्याची सर्वांत लाडकी, दोरीच्या पहिल्याच झटक्याला चालू होणारी. तिच्याकडे बघायचं टाळून तो दोन महिने पिस्टनसाठी गावोगावच्या दुकानदारांना पत्रं पाठवत बसला.

मार्चमध्ये सौंदडच्या बाजारात मला मनिरामचा पुतण्या भेटला. म्हणाला, काकाच्या बोटांना आता काही लागत नाही, सुई टोचली तरी कळत नाही, कटरच्या थरथरीनं नसा गेल्या म्हणतो डॉक्टर. मी ते रत्नपालला सांगितलं. तो उठला, बालाघाटवाली फळीवरून उतरवली आणि तिचे स्क्रू सोडायला बसला. रचना दारात उभी होती, ती आत आली. मी तिला प्रथमच त्या पसाऱ्यात त्याच्या शेजारी बसलेलं पाहिलं. तिने स्क्रू ठेवायला वाटी पुढे केली.

चार दिवसांनी सकाळीच आम्ही मनिरामच्या गावी गेलो. स्कूटरवर पुढे पायाशी मशीन, माझ्या मांडीवर दोन डबे. मनिराम अंगणात दोरी वळत होता. बारा वर्षांत त्याने मशीनला हात लावला नव्हता. राइस मिलमध्ये पोती उचलली, भाताच्या बांधीत धान लावलं. पोत्यातून मशीन बाहेर निघाली तसा त्याने दोरी खाली ठेवली. जवळ येऊन मुठीखालचा आकडा पाहिला.

"मेली होती ना हे," तो म्हणाला.

रत्नपालने दोन्ही डबे त्याच्यासमोर मांडले. खिशातून लाल चिंधी काढली आणि साध्या डब्याला बांधून दाखवली. मग सांगितलं. सगळं, न थांबता, उभ्याने. कायम होण्याच्या यादीसकट.

मनिरामची बायको सुमित्राबाई पडवीत तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. "तुह्या चिंधीपायी आमचा मानूस बारा वर्सं मान खाली घालून चालला," ती म्हणाली. "तुले आज सुचलं?"

रत्नपाल म्हणाला, हो बाई.

मनिराम त्या चिंधीकडे पाहत होता. रागावेल, मारेल, असं मला वाटत होतं, आणि मारलं असतं तर मी मध्ये पडलो नसतो. पण तो बोलला ते हळूच, बायकोकडे पाहून.

"पह्यले म्या म्हनलं, चिंधीवालाच होता डबा. मंग सारे म्हनत गेले त मलेच वाटाले लागलं, नसन. बारा वर्सं मी माह्याच डोळ्यायले खोटं म्हनून राहिलो."

अहवालातला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मीच सुचवला होता हे सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी सांगितलं नाही.

मनिरामने चिंधी असलेला डबा पायाने बाजूला सारला. दुसरा उचलला, झाकण काढून हुंगला, थोडं तळहातावर ओतून परत हुंगला. बोटांना कळत नव्हतं, नाकाला कळत होतं. मग स्वतः टाकी भरली. अंगणाच्या कडेला वाळलेली बाभूळ आडवी पडली होती. रत्नपालने साखळी चढवून दिली. मनिरामने मागच्या मुठीत पाय रोवला, दोरीची मूठ बोटांत धरवेना म्हणून दोरी मनगटाला गुंडाळली आणि ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मशीन चालू झाली. कोंबड्या पळाल्या, शेजारचे लोक कुंपणाशी आले. त्याने दोन काप घेतले, हातभर ओंडका वेगळा केला आणि मशीन बंद केली.

ओंडका त्याने उभा केला. एवढंच म्हणाला, "सुमित्रा, चहा आन. भरून आन."

एकच कप आला, काठोकाठ. तिने तो दोन्ही हातांनी धरून आणला, वाटेत सांडला नाही. मनिरामने तो ओंडक्यावर ठेवला आणि हात काढून घेतला. चहा काठावर थरथरला आणि स्थिर झाला. कुंपणाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली. आम्हाला कोणी चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

रत्नपालने विचारलं, मशीन इथं ठेवू का? मनिराम नको म्हणाला. तुझ्याकडे बाकीच्या आहेत, त्यांच्यात ठेव. मग रत्नपालने पत्र्याची कोरी पट्टी काढली आणि तुमचं नाव लिहू का म्हणून विचारलं.

"लिव्ह," मनिराम म्हणाला. "खाल्ते तुहं बी लिव्ह."

रत्नपालने खिशातून रंगाची डबी काढली आणि तिथंच, मातीत बसून, दोन्ही नावं लिहिली. त्याचं अक्षर एरवी चांगलं असतं, त्या दिवशी दुसरं नाव वाकडं आलं. पट्टीवर खाली आणखी एका नावाची जागा शिल्लक होती. ती अजून तशीच आहे. कुडव्याला गेलो की मी त्या फळीकडे बघायचं टाळतो.

आम्ही मशीन पोत्यात भरली आणि निघालो. रत्नपालने एकदाही वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. मनिराम ओंडक्यासमोर उकिडवा बसला होता, कपाला कोणी हात लावला नव्हता आणि चहावर साय धरली होती.